बुधवारची घंटी

माझी नणंद बुधवारी बोलत नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच बुधवारी सकाळी मी विचारलं, "अक्का, चहात साखर किती घालू?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली, चहा घेतला आणि कामावर निघून गेल्या. मी मनात म्हटलं, घ्या, आठवडा होत नाही तोवर नणंदेचा रुसवा सुरू. संध्याकाळपर्यंत मी घरातली सगळी भांडी आपटून घेतली. नवरा घरी आला, आवाज ऐकून दारातच थबकला आणि म्हणाला, "अगं, आज बुधवार ना!" जसं काही बुधवार म्हटलं की जगातल्या प्रत्येक माणसाला सगळं कळतं.

मग त्याने समजावलं. त्यांचा पंथ लहान. देव सतत बोलत असतो, पण माणसांच्या बडबडीत तो ऐकू येत नाही, म्हणून आठवड्यातून एक दिवस माणसाने तोंड मिटून ऐकायचं, अशी त्यांची श्रद्धा. सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत. मान हलवली, बोटाने दाखवलं तर चालतं, पण शब्द नाही, कागदावरसुद्धा नाही. नवऱ्याने स्वतः हे शाळेतच सोडून दिलं होतं, कारण बुधवारी गणिताचा तास असायचा आणि गप्प बसलं की छडी बसायची.

"मग अक्कांना कसं जमलं?" मी विचारलं.

"तिलाही बसायच्या," तो म्हणाला.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे. चार बाकं, एक दिवा, बाकी भिंतीच. तिथे ही माणसं बुधवारी संध्याकाळी जमायची आणि एकमेकांशेजारी नुसती बसायची. मी एकदा गंमत म्हणून गेले होते. मला बोलल्याशिवाय करमत नाही, त्यामुळे तासाभरात माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. खालून सायकलच्या चाकांचा आवाज, वर खोकले. पण अक्कांचा चेहरा असा निवांत झाला होता की मला त्यांचा हेवाच वाटला. पुढे ती माणसं कमी होत गेली. काही गेली, काहींना मुलं आपल्या गावी घेऊन गेली, तरुणांना या गप्प बसण्यात राम वाटेना. माझा नवरा गेला तेव्हा खोलीतली उरलेली दोन म्हातारी माणसं आली होती. नंतर तीही राहिली नाहीत. खोलीची किल्ली अक्कांच्या पिशवीत आली. दर बुधवारी कामावरून सुटल्यावर त्या जातात, दिवा लावतात, एकट्याच बसतात आणि कुलूप लावून घरी येतात.

घरीही आम्ही दोघीच. मी शिलाई मशीनवर, त्या कामावर. बोलायला एकमेकींशिवाय कुणी नाही आणि त्यातलाही एक दिवस वजा. बुधवारी भांडणसुद्धा रंगत नाही. मी आपली तोफ डागत बसायची आणि समोरून नुसती मान डोलायची. शेवटी मलाच हसू यायचं.

अक्का कामाला होत्या एका मोठ्या लाँड्रीत. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे धुऊन इस्त्री होतात. इस्त्री म्हणजे आपली हातातली नाही. माणसाच्या उंचीपेक्षा लांब, तापलेले लोखंडी रोलर एकमेकांना लागून फिरत असतात. ओली चादर एका बाजूने आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते. दोन बायकांनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची, कड सरळ करायची आणि एकाच वेळी रोलरच्या तोंडाशी द्यायची. बोटं सोडायची वेळ दोघींची जुळली नाही तर चादरीला चुणी पडते. जास्तच उशीर झाला तर काय होईल ते कुणी बोलून दाखवत नाही.

अक्कांची जोडीदारीण होती चिमणी. हे तिचं नाव नव्हे, पण तिची अखंड चिवचिव ऐकून सगळे तिला तेच म्हणायचे. अक्कांपेक्षा बरीच लहान, हंगामी कामगार, अजून कायम केलेली नव्हती. ती बोलायची आणि अक्का ऐकायच्या. बुधवारी ती दोघींच्या वाटचं बोलायची. स्वतःच प्रश्न विचारायची, अक्कांच्या आवाजात स्वतःच उत्तर द्यायची आणि ते उत्तर पटलं नाही की अक्कांशी भांडायची. रविवारी आमच्याकडे आली की मी आणि ती एकदम बोलत सुटायचो. अक्का म्हणायच्या, "तुम्हा दोघींना एक बुधवार पाळायला लावला तर फुटून मराल." नवरा गेल्यानंतर या घरात जे काही हसू ऐकू आलं ते चिमणीमुळे. म्हणून पुढे जे झालं ते मला जास्त झोंबलं.

लाँड्रीत नवा मॅनेजर आला. आल्या आल्या त्याने नियम काढला की रोलर सुरू करताना दोन्ही बाजूंच्या माणसांनी मोठ्याने "हात बाहेर!" असं ओरडायचं. नियम वाईट नव्हता, हे मीही कबूल करते. अक्कांनाही तो पसंत होता. बुधवार सोडून बाकी दिवशी त्या खणखणीत ओरडायच्या. पहिला बुधवार यायच्या आदल्या दिवशी त्या मॅनेजरकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, बुधवारी मला बोलता येत नाही. बॉयलरवाल्या काकांच्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना तुम्ही पितळी घंटी दिलीत. तशी एक मला बुधवारपुरती द्या. नाहीतर बुधवारी मला घड्या घालायच्या टेबलावर पाठवा."

मॅनेजर म्हणाला, "काकांचा गळा गेलाय. तुमचा शाबूत आहे. तुमची नाटकं घरी."

त्या बुधवारी अक्का ओरडल्या नाहीत. पुढच्याही बुधवारी नाहीत. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्यांना "मुकीबाई" म्हणायला सुरुवात केली. साहेब म्हणाले म्हटल्यावर बाकीच्यांनाही चेव आला. कुणी त्यांच्यासमोर हातवारे करून बोलायचं, कुणी कानाशी येऊन भोंग्यासारखं ओरडायचं. एकदा तोंडावर चिकटपट्टी लावून चारपाच जणी जेवणघरात बसल्या होत्या. अक्का हे मला हसत सांगत होत्या. मी विचारलं, "चिमणी काय करत होती?" तेव्हा त्यांचं हसू जरा विझलं. "ती खाली बघून जेवत होती," त्या म्हणाल्या. मग लेखी समज आली, आणखी एक आली, आणि एका गुरुवारी अक्कांना फाटकावरूनच परत पाठवलं. कामावरून कमी केलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अक्का म्हणत होत्या, जाऊ दे, दुसरीकडे बघू. पण या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? आणि दुसरीकडेही बुधवार येणारच होता. मी त्यांना धरून एका वकीलबाईंकडे नेलं. वकीलबाई तरुण, टेबलावर कागदांचा ढीग, चहा गार झालेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कोर्ट तुमचा देव खरा की खोटा हे बघणार नाही," त्या म्हणाल्या. "तो त्यांचा प्रांतच नाही. तुम्ही हे मनापासून मानता का, हे बघतील. आणि मालकाला फारशी अडचण न होता तुमची सोय करता आली असती का, हे बघतील. सगळ्यांना एकच नियम लावला म्हणून तो सगळ्यांना सारखाच बसतो असं नसतं."

"मनात काय आहे हे कोर्ट कसं बघणार?" मी विचारलं. "चिरून?"

"वागण्यावरून," वकीलबाई म्हणाल्या.

खटला उभा राहिला. तारखा पडत गेल्या. अक्का घरात बसून मला काजं करून द्यायच्या, बटणं लावून द्यायच्या. चिमणी यायची बंद झाली. पहिल्या रविवारी अक्कांनी तिसरा कप काढून ठेवला होता. दुसऱ्या रविवारीही काढला. नंतर मीच तो फडताळात मागे सरकवला. अक्कांनी बघितलं, पण बोलल्या नाहीत, आणि तो काही बुधवार नव्हता.

अक्कांच्या साक्षीची तारीख आली ती नेमकी बुधवारची. वकीलबाईंकडे पन्नास खटले, त्यांच्या लक्षातून गेलं. माझ्या लक्षात आलं ते थेट कोर्टाच्या पायऱ्या चढताना. मला वाटलं होतं, अक्कांनी काहीतरी ठरवलं असेल. तर अक्का शांतपणे पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. नाव विचारलं. अक्का गप्प. पुन्हा विचारलं. अक्कांनी नम्रपणे मान लववली. कंपनीचा वकील खोखो हसला. आमच्या वकीलबाईंचा चेहरा पांढराफटक. त्या जवळ जाऊन कुजबुजल्या, "अहो, आजच्या दिवस बोला. तुमच्याच भल्यासाठी आहे!" अक्कांनी त्यांच्याकडे अशा मायेने बघितलं की जणू वकीलबाईंनाच काहीतरी झालंय.

न्यायाधीश वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवून बसायचे. ते चिडले. "या साक्षीदार बोलत का नाहीत?"

मागच्या बाकावरून मी उठून उभी राहिले. उभं राहायचं नसतं हे मला काय माहीत. "साहेब," मी म्हटलं, "आज बुधवार आहे ना!"

माझ्या नवऱ्याने म्हटलं होतं अगदी तसंच. सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी चष्मा डोळ्यांवर आणला, समोरचे कागद चाळले, अक्कांकडे बराच वेळ बघितलं. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी वकीलबाईंना चार शब्द सुनावले, मला खाली बसवलं आणि म्हणाले, "उद्या गुरुवार. उद्या घेऊ."

संध्याकाळभर मी घरात एकटीच बडबडत होते. अक्का, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? गुरुवारी सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अगं, खटलाच बुधवारचा. मला वाटलं, कोर्टाने मुद्दामच बुधवारी बोलावलंय, मी गप्प राहते का ते बघायला." मी कपाळाला हात लावला.

गुरुवारी अक्का बोलल्या. कंपनीच्या वकिलाने उलटतपासणी घेतली.

"तुमच्या पंथात किती माणसं आहेत?"

"मी आहे."

"म्हणजे एकट्याच?"

"सध्या एकटीच."

"मग बुधवार पाळायलाच हवा असं तुम्हाला सांगतं कोण?"

अक्कांनी जरा विचार केला. "आता सांगायला कुणी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जास्त सांभाळावं लागतं."

त्यांचा आवाज साधा होता, भाजी आणायला जाते असं सांगावं तसा. इतकी वर्षं एका छताखाली राहून त्या खोलीत त्यांना काय वाटत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग मॅनेजरची पाळी आली. आमच्या वकीलबाईंनी त्याला बॉयलरवाल्या काकांबद्दल विचारलं. घंटीमुळे कधी अपघात झाला का? नाही. घंटी ऐकू येते का? येते, माणसाच्या आवाजापेक्षा जास्त येते. मग या बाईंना का नाही? "काकांना दुसरा इलाज नव्हता," मॅनेजर म्हणाला. "ही बाई हट्टाने गप्प बसते." न्यायाधीशांनी मध्येच विचारलं, "यांना दुसरा इलाज आहे का, हे तुम्ही कधी विचारलंत?" मॅनेजर म्हणाला, त्यात विचारण्यासारखं काय होतं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, आता जिंकलो.

तेवढ्यात कंपनीने शेवटचा साक्षीदार बोलावला आणि दारातून चिमणी आत आली.

मी अक्कांचा हात धरला. चिमणी पिंजऱ्यात उभी राहिली, पायांकडे बघत. तिचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला.

"या बाई बुधवारी बोलल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?" वकिलाने विचारलं.

"हो."

"काय बोलल्या?"

"ओरडल्या. 'हात!' म्हणून."

कोर्टात चुळबुळ झाली. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी नकार दिला नाही. वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाला की झालं, यांचं मौन सोयीचं आहे, हवं तेव्हा मोडता येतं. मग नियमासाठी एकदा ओरडायला काय हरकत होती?

न्यायाधीशांनी चिमणीला विचारलं, "कुणाचा हात?"

चिमणीने एकदा मॅनेजरकडे बघितलं. मग म्हणाली, "माझा. माझी बाही सैल होती, रोलरमध्ये ओढली गेली. तशी बाही घालायची नसते. थांबवायची दोरी माझ्या मागे होती, मला पोचेना. अक्का ओरडली आणि धावत येऊन तिने दोरी ओढली. मशीनच्या आवाजात दुसऱ्या कुणाला कळलं नाही. तिने कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं."

"मग आज तुम्ही का सांगताय?"

"साहेबांनी खोदून विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. मग म्हणाले, कोर्टात सांगितलंस तर बाहीचं माफ करू, आणि कायमही करू," चिमणी म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली.

न्यायाधीशांनी अक्कांना पुन्हा उभं केलं. "तुम्ही बुधवार मोडलात, हे खरं?"

"हो साहेब."

"का?"

"हात आत चालला होता."

"मग पुढे?"

"मोडलेला दिवस भरून द्यावा लागतो. गुरुवार भरून दिला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागे एकदा, हा मॅनेजर यायच्या आधी, अक्का बुधवारी बोलल्या नाहीत आणि गुरुवारीही बोलल्या नाहीत. मला वाटलं, मी त्यांच्या उशीच्या अभ्र्याची झालर कापली म्हणून रुसल्या. मग मीही रुसले, शुक्रवारपर्यंत. मी तिथे बसल्या बसल्या तोंडाला रुमाल लावला. आसपासच्यांना वाटलं, मी रडतेय. तसं थोडं रडतही होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी जे वाचून दाखवलं त्यातलं मला समजलं तेवढं असं की श्रद्धा डोकी मोजून ठरत नाही, पाळणारं माणूस एकटं असलं तरी ती श्रद्धाच. दुसऱ्याचा हात वाचवायला जी बाई आपला दिवस मोडते आणि कुणी बघत नसताना तो भरून देते, तिच्या मनाबद्दल कोर्टाला शंका नाही. जी सोय गळ्याच्या आजारासाठी करता आली, ती या बाईसाठीही करता आली असती. केली नाही, आणि वर हेटाळणी केली. कामावर परत घ्या, बुधवारी घंटी द्या. आणि शेवटी एक ओळ त्यांनी आवर्जून घातली होती: भरून द्यायचा दिवस आला तर त्याही दिवशी. मी मनात म्हटलं, ते कशाला आता कधी लागतंय?

अक्का कामावर परत गेल्या त्या सकाळी मी त्यांच्या डब्यात दोन उकडलेली अंडी जास्तीची घातली. वाटायला. संध्याकाळी अंडी तशीच परत आली.

लाँड्रीत कुणी त्यांना मुकीबाई म्हणत नव्हतं. कुणी काहीच म्हणत नव्हतं. निकालामुळे मॅनेजरला वरून बोलणी बसली होती, आणि अक्कांशी जो बोलेल तो त्याच्या डोळ्यावर येईल, हे कुणी न सांगता सगळ्यांना कळलं होतं. नवी जोडीदारीण कड ताणायची, बोटं सोडायची, दुसरीकडे बघायची. चिमणीला हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या रोलरवर टाकलं होतं. तिला कायम केलेलं नव्हतंच. अक्का जेवणघरात शिरल्या की टेबलावरचं बोलणं थांबायचं. सोमवारी "हात बाहेर!" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघायचे, मंगळवारी तेवढेच. कोर्टाने बुधवार त्यांना मिळवून दिला आणि बाकीच्यांनी उरलेला आठवडाही देऊन टाकला. कामावर घ्या असं कोर्ट सांगू शकतं. हिच्याशी बोला, असं कसं सांगणार?

घरी येऊन अक्का बोलत राहायच्या. पूर्वी कधी इतकं बोलल्या नव्हत्या. पाण्याच्या टाकीबद्दल, चादरीवरच्या डागांबद्दल, काहीही. मी मशीन थांबवून ऐकायची. एका संध्याकाळी मध्येच थांबून म्हणाल्या, "गप्प बसायची मला लहानपणापासून सवय आहे गं. पण बुधवारी आजूबाजूला माणसं बोलत असायची. त्यात गप्प बसण्याची मजा होती." त्यानंतर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली.

आणि मग एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत चिमणी अक्कांच्या टेबलावर येऊन बसली. हे अक्कांनी मला गुरुवारी सांगितलं. समोर बसली, डबा उघडला, डब्यात बघत बघत बोलत राहिली. घरमालक, दुखणारी दाढ, रस्त्यावरचं कुत्रं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तशी उठून गेली. गुरुवारी मात्र अक्का दिसताच तोंड फिरवलं. पुढच्या बुधवारी पुन्हा आली.

"लबाड आहे मेली!" मी भडकले. "तुम्हाला उलट बोलता येत नाही तोच दिवस बरा साधते! गुरुवारी ये म्हणावं, मग बघते!"

"गुरुवारी आली तर मी काहीतरी विचारेन ना," अक्का म्हणाल्या. "तिला त्याचीच भीती वाटते."

"मग मान हलवा, हात करा, काहीतरी करा की."

"करते ना. पण ती वर बघतच नाही. डब्यातच बोलते सगळं."

असे कितीतरी बुधवार गेले. बुधवारी सकाळी अक्का डबा भरताना हल्ली जरा हलक्या वाटायच्या, हे मला दिसत होतं, आणि मला चिमणीचा रागही येत होता आणि ती येणं बंद करील अशी भीतीही वाटत होती.

परवाच्या बुधवारी अक्का घरी आल्या त्या नेहमीसारख्याच. जेवल्या, झोपल्या. गुरुवारी सकाळी मी चहा ठेवला आणि म्हटलं, "काल काय म्हणत होती तुमची चिवचिव?" उत्तर नाही. मी वळून बघितलं. अक्का बाकावर बसून केस विंचरत होत्या. "अक्का?" त्यांनी माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवली. साखर.

इतक्या वर्षांत मी एवढं तरी शिकले आहे. मी भांडी आपटली नाहीत. चहात दोन चमचे साखर घातली, कप त्यांच्या हातात दिला आणि समोर बसले. आज गुरुवार होता. म्हणजे काल त्या बोलल्या होत्या. ज्या दिवसासाठी छड्या खाल्ल्या, चिकटपट्ट्या बघितल्या, कोर्टाच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, तो दिवस त्यांनी मोडला होता. त्या कामावर गेल्यावर मी दिवसभर मशीनवर बसले, पण शेजारणीने हाक मारली तरी मला बोलावंसं वाटेना. घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळही मोठ्याने चालल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी डोळे उघडायची मी वाटच बघत होते. "काय बोललात तिला?"

अक्का उठून बसल्या. "ती त्या दिवशी जेवत नव्हती. नुसती डब्यात बघत होती. म्हणाली, तुझ्याकडे बघायला मला तोंड नाही गं अक्का. आणि डोळ्यांतून पाणी सगळं डब्यात. मी मान हलवली, तिचा हात धरला, तरी वर बघेना. मग म्हटलं."

"काय म्हटलंत?"

"जेव."

"एवढंच?"

"एवढंच. जेवली ती."

मी विचारलं, "आणि काल? काल आली का बोलायला?"

"नाही." अक्कांनी चादरीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, दोघींनी धरावी तशी लांब हात करून, एकटीने. "पण काल गुरुवार असून मी घंटी वाजवली ना, तेव्हा हॉलच्या त्या टोकाला तिने रोलर थांबवला. वळून बघितलं माझ्याकडे. पहिल्यांदाच."